तंबोऱ्याला तूनच का?

“सागाचा तंबोरा घेतला तर जास्त टिकेल ना?” गाणं शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक हे हटकून विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

साग दारं-खिडक्यांना उत्तम, वादच नाही. त्याच्या सतारीही होतात. पण मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याला तून नावाच्या झाडाचं लाकूड वापरत आलेत, ते उगाच नाही. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती लाकडी फळी म्हणजे तबली. तार छेडली की घोडीतून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यातून, तो कंप तबलीत उतरतो, आणि तिनं त्याला लगेच साथ द्यायला हवी. तून सागापेक्षा हलकं, तासायला मऊ. तबली पातळ करतात, मधोमध किंचित फुगवटा ठेवतात. तयार तंबोऱ्याच्या तबलीवर बोटाच्या पेरानं हळूच टकटक करून बघा. आवाज भोपळ्यात घुमला पाहिजे. नुसतं ‘ठक्‌’ होऊन तिथंच विरला, तर कितीही नक्षी असो, मी तो तंबोरा घेऊ देत नाही.

भोपळ्याचं कौतुक सगळे करतात, झाडाची आठवण कुणालाच नसते, याचं मला वाईट वाटतं. तून कडुनिंबाच्या कुळातलं, सह्याद्रीच्या ओलसर रानात, ओढ्याकाठी वाढणारं. सभोवतालचं रान हिरवंगार असतं तेव्हा हिवाळ्यात हे पानं गाळून उभं. लाकूड विटकरी, ताजं कापलं की मंद वास येतो. हीच जात थेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वर्षावनापर्यंत आहे. तिथं तिला ‘लाल सोनं’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात फर्निचरपायी ती इतकी तोडली की मोठी झाडं विरळाच उरली.

“मग लागवड करा की!” हा पुढचा प्रश्न. करतात, पण एका पतंगाची अळी कोवळ्या शेंड्यात शिरून तो आतून पोखरते. शेंडा मेला की बाजूनं फाटे फुटतात, बुंधा सरळ वाढत नाही. आणि तंबोऱ्याच्या दांडीला तर लांब, सरळ, बिनगाठीचंच लाकूड लागतं!

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. तुम्ही तिथं खरेदीला जाल तेव्हा पॉलिशची चमक मागाहून बघा. आधी विचारा, लाकूड किती वाळवलंय? ओल राहिली असेल तर दांडी पुढं वाकते, आणि मग तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून जवारी कितीही लावून घ्या, तंबोरा बोलत नाही.