आईचा पूर

हिंदी सिनेमात नायकाच्या डोक्याला मार लागतो, आठवणीतलं सगळं पुसलं जातं आणि दुसरा मार बसला की परत येतं. खरं तर दुसऱ्या मारानं मेंदूला आणखी इजाच होते. माणूस स्वतःचं नावच विसरला, असंही फार क्वचित घडतं. बहुधा अपघाताच्या आसपासचं तेवढं जातं.

माझ्या आईला अल्झायमर होता. नारायण पेठेतल्या घरात बसून ती विचारायची, "पानशेतचं पाणी ओसरलं का गं?" पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला १९६१ चा पूर तिला लख्ख आठवायचा, सकाळचा चहा नाही. नवं आधी जातं, जुनं बराच काळ टिकतं. हे मला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात दिसलं. मोहन आगाशेंनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे निघून जातात. तिथे विस्मृती कथेला कलाटणी द्यायला आणलेली नाही, तीच कथा आहे. लेक त्यांना शोधत फिरते तेव्हा मला रडू आवरेना. आईही एकदा अशीच निघून गेली होती. सापडली मुठेकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळापाशी. नदीकडे टक लावून उभी होती, पाणी किती चढलंय ते बघत.