नऊ पन्नासची नोंद

माझ्या वहीत जानेवारीतल्या त्या रविवारची एक ओळ आहे. ‘९.५०. मोहोळघार १. सुळक्याभोवती दोन फेऱ्या. छान दिसली.’ त्या ‘छान दिसली’वर मी गेले तीन आठवडे अडकलोय.

मी पनवेलचा. शनिवार-रविवार लोकांना कर्नाळ्याच्या जंगलात फिरवतो, चौदा वर्षं झाली. अभयारण्य १९६८ सालचं. आकाराने केवढंसं, २००३ मध्ये वाढवलं तरी १२.११ चौरस किलोमीटरच, आणि त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. चढताना पहिला अर्धा तास शामा पक्ष्याच्या शिळेबरोबर ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. मग एका वळणावर रस्ता डोंगराआड जातो आणि आवाज एकदम तुटतो. मी सगळ्यांना नेमका तिथे थांबवतो. काही सांगत नाही, नुसता थांबवतो. बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात. चौदा वर्षांत ही एक युक्ती कधी फसली नाही.

त्याआधी फाटकावर प्लास्टिकची मोजणी. बाटल्या, वेफर्सची पाकिटं मोजून अनामत घेतात, परतताना दाखवलं की पैसे परत. गळ्यात लाखाचा कॅमेरा अडकवलेला माणूस या अनामतीवरून दहा मिनिटं वाद घालतो हे दर रविवारचं दृश्य आहे. खाली हरियाल आणि मोरटाका अशा दोन सोप्या निसर्गवाटा आहेत. मला विचाराल तर पक्षी बघायला त्याच बऱ्या. पण लोकांना ‘अंगठा’ हवा असतो. गडाच्या माथ्यावरचा तो काळा सुळका महामार्गावरून दिसतो आणि तोच पुरता घात करतो.

त्या दिवशी खारघरच्या एका सोसायटीतली एकोणीस माणसं होती. पुढे मी, मागे आमचे मामा. मामा पायथ्याच्या ठाकरवाडीतले, साठीचे. पंचवीस माणसांची रांगसुद्धा ते न बोलता हाकतात. शेवटचा माणूस जिथे थांबेल तिथे मामा थांबणार, आणि त्यांची शीळ आली की मी थांबणार. एवढाच आमचा करार.

आदल्या रात्री मी नेहमीचा निरोप पाठवला होता. भडक कपडे नकोत, काळे तर नकोतच, सेंट, डिओ, वासाचं तेल नको. हा निरोप सगळे वाचतात आणि निम्मे विसरतात. कॉलेजातली एक मुलगी सकाळी गाडीतून उतरली तीच मोगऱ्याचा घमघमाट घेऊन. मी काही बोललो नाही. पहिल्या पाच मिनिटांत कुणाला टोकलं की ते माणूस दिवसभर तोंड फिरवून चालतं.

चढ छान झाला. ऐनाच्या सालीवर सगळ्यांचे हात फिरवून झाले, मगरीच्या पाठीसारखी ती चिरफळलेली साल मुलांना फार आवडते. घळीजवळ पक्ष्यांचा मिश्र थवा लागला. पुढे भृंगराज, शेपटीची दोन लांब पिसं मागे भिरभिरतायत, मध्ये शिक्र्याची नक्कल करून सगळ्यांना दचकवतोय. थव्यातला एकेक पक्षी हेरून एकोणीस जणांच्या एकोणीस दुर्बिणी तिथे वळवणं हे खरं कसब आहे. ‘त्या झाडावर’ म्हणून चालत नाही. ‘वाकड्या फांदीच्या कोपरात, घड्याळात दहा वाजतात तिथे’ असं सांगावं लागतं. त्या दिवशी सगळ्यांना सगळं दिसत होतं. मी रंगात आलो होतो, हे आधीच कबूल करतो.

जंगल संपून डोंगराच्या सोंडेवर आलो की समोर अंगठा येतो. त्याच्या कपारींखाली थंडीत आग्या माशांची पोळी असतात. त्या दिवशी मी अकरा मोजली. फळीएवढी काळी अर्धचंद्राकृती पोळी, उघडीच लटकलेली. या माशा पोळं झाकत नाहीत, स्वतःच एकमेकींना धरून त्याच्यावर आच्छादन होऊन बसतात. गांधीलमाशी फिरकली की पोटं उचलतात, एकीनंतर दुसरी, आणि पोळ्यावरून झळाळती लाट जाते. दुर्बिणीतून पहिल्यांदा बघणारा माणूस ‘अरे!’ म्हणतोच. पुढे जायचं की नाही हे मी त्या लाटांवरून ठरवतो. सोंडेवर दहा मिनिटं बसायचं. लाटा अधूनमधून असतील, हवेत सुट्या माशा नसतील, तरच करणाई देवीच्या देवळापर्यंत जायचं. हा माझा नियम, कुठल्या पुस्तकातला नव्हे.

नऊ पन्नासला ती आली. मोहोळघार, म्हणजे मधुबाज. घारीएवढा पक्षी, पण डोकं कबुतरासारखं लहान, मान पुढे काढलेली, चेहऱ्यावर खवल्यांसारखी घट्ट पिसं, म्हणजे डंख आत शिरायला जागा नाही. सुळक्याला एक फेरी मारली, मग दुसरी, पहिलीपेक्षा जवळून. इतक्या जवळून, इतक्या उजेडात मी तिला दोन-तीनदाच पाहिलंय. मी सगळ्यांना सोंडेच्या मोकळ्या टोकावर बोलावलं. ती पोळ्याच्या बाजूने कशी जाते, पायांनी कशी झडप घालते, माशा पांगल्या की अळ्या असलेला पोळ्याचा तुकडा कसा नेते, सगळं सांगितलं. आणि म्हणालो, “थांबूया. नशिबात असेल तर झडप बघायला मिळेल.”

हे वाक्य माझंच. कुणी विचारलंही नव्हतं.

पंधरा मिनिटं आम्ही उघड्यावर उभे होतो. लाटा आता अधूनमधून नव्हत्या, एकामागून एक येत होत्या. ते मला दिसत होतं आणि मी ते ‘बघा, बघा’ म्हणून दाखवत होतो. दहा-पाचला ती पाय पुढे काढून डावीकडच्या मोठ्या पोळ्यावर आदळली आणि खाली दरीत गेली. पोळ्याचा काळा पडदा मधोमध फाटून आत पांढरं मेण दिसलं, क्षणभरच. मग तिच्यामागे धुराची रेघ गेली आणि बाकीचा धूर आमच्याकडे वळला.

पहिली माशी माझ्या मानेवर बसली. पिकलेल्या केळ्यासारखा वास आला. हा वास डंख मारलेल्या माशीचा, बाकीच्यांना बोलावणारा. एकदा आला की त्या जागी उभं राहायचं नाही. मी ओरडलो, “तोंड झाका, हात हलवू नका, आलो त्या वाटेने झाडीत!” मामांनी मागून शीळ नाही, हाकच मारली. त्यांना रांग उलटी करायला क्षणही लागला नाही. शेवटचे होते ते पुढचे झाले आणि सगळी माणसं दीडशे पावलांवरच्या दाट सावलीत शिरली. जाळीत वाकून, अंग चोरून बसायचं. माश्या पाठलाग करतात, पण दाटीत माग सुटतो.

सगळे नाही शिरले. सोसायटीचे एक काका, साठीचे, अंगाने जड, वाटेतच उभे राहून टोपीने माशा झाडत होते. टोपी जितकी फिरे तितक्या माशा येत. मी त्यांच्याकडे धावलो. माझ्या पाठपिशवीत दोन जुन्या चादरी असतात, लोक नेहमी हसतात त्यांना. एक काकांवर टाकली, दुसरी स्वतःवर घेतली आणि त्यांना ढकलत झाडीत आणलं.

नांगी काढताना चिमटीत धरू नका, आडव्या कडेने खरवडा, असं आम्हाला शिकवलेलं. मी एटीएम कार्डाने खरवडत होतो, मामा नखाने ओढत होते. मामांचं दुप्पट वेगाने होत होतं. विषाची पिशवी नांगीबरोबर कातडीत राहून आत विष सोडतच असते, म्हणून निघेल तशी काढा, कशी काढता ते राहू दे. काकांच्या पापण्या सुजल्या, ओठ सुजले, मग आवाज घोगरा झाला. तो घोगरेपणा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे सेट्रिझिनच्या गोळ्या होत्या. अशा वेळी लागतं ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते माझ्याकडे नव्हतं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, भिंतीवर लावलेलं.

दोन्ही चादरी एकावर एक घालून झोळी केली आणि आळीपाळीने सहा-सहा जणांनी त्यांना उतरवलं. उतारावर डोकं वरच्या अंगाला ठेवत होतो, मध्येच त्यांना गरगरायला लागलं तेव्हा उलटं धरलं. रेंज नाही. पन्नास मिनिटांनी महामार्ग. तिथे रविवारची गाड्यांची रांग. पनवेलला पोचलो तेव्हा काका बोलत नव्हते. इंजेक्शन दिल्यावर वीस-एक मिनिटांत त्यांनी डोळे उघडून टोपी कुठंय विचारलं. डॉक्टरांनी मोजलेले डंख सत्तेचाळीस. तीन दिवसांनी घरी सोडलं.

आता जे लिहायला बसलोय ते. दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरांनी विचारलं, माशा कशाने उठल्या? मी तोंड उघडायच्या आत एका काकूंनी सांगितलं, “ह्या पोरीने सेंट लावलेला. दादांनी रात्रीच बजावलं होतं, दाखवू का मेसेज?” सगळ्यांनी माना डोलावल्या. एकोणीस घाबरलेल्या माणसांना धरायला काहीतरी हवं होतं आणि माझाच निरोप त्यांच्या हातात होता. मुलगी रडायला लागली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तेच ठरलं.

उग्र वासाने माशा बिथरू शकतात, खोटं नाही, म्हणून तर मी तसं लिहितो. पण ती मुलगी रांगेत शेवटून दुसरी होती. तिला दोन डंख. आईची ओढणी डोक्यावरून घेऊन ती जाळीत मुकाट बसली होती, सगळ्यांत शहाण्यासारखी. आणि पंधरा मिनिटं लाटा वाढत असताना मोकळ्या टोकावर लोकांना उभं केलं होतं ते तिने नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. मामांना विचारलं, तुम्ही लहानपणी मध काढायचात, तुम्हाला दिसलं असेल ना? ते विडी पेटवत म्हणाले, “दिसलं की. ती दुसऱ्यांदा फिरली तेव्हाच दिसलं.”

“मग शीळ का नाही घातलीत?”

“तू त्या पाखराचं सगळंच सांगत होतास. मला वाटलं, ह्याला पुढचंही ठाऊक असणार.”

मी म्हटलं, त्या पोरीला खरं सांगायला हवं. मामा हो म्हणाले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मग पुढच्या रविवारी माणसं येतील का, दादा?” मामांना एका फेरीचे मी देतो त्यात त्यांच्या घरचा आठवड्याचा बाजार होतो. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता.

त्यानंतरचे तीन रविवार मी लोकांना खालच्या मोरटाका वाटेनेच नेलं. कारण विचारलं की वर माशा आहेत म्हणतो.

सोसायटीतल्या एका मुलाने मोहोळघारीचा फोटो काढला होता. पंख पूर्ण उघडलेले, पोटाखालचे पट्टे मोजता येतील इतका स्वच्छ. त्याने तो ग्रुपवर टाकला तेव्हा खाली वेळही आली, ९.५२. पन्नास जणांनी वाहवा केली. कुणी ते आकडे जोडून बघितले नाहीत.

काल रात्री त्या मुलीचा निरोप आला. ‘दादा, काका आता खाली फिरायला येतात, माझ्याशी बोलतात पण. सॉरी परत एकदा. पुढच्या ट्रेकला मी सेंट न लावता आले तर चालेल ना?’

मी दोनदा लांबलचक लिहिलं आणि पुसलं. मग अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.