झपाट्याने वाढणारे वजन आणि झोपेतला श्वास

मूल अंगाने भरू लागले की आपल्याकडे त्याचे कौतुकच होते, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसतेही. परंतु ‘रोहॅड’ या अत्यंत दुर्मीळ विकाराची शंका यायची असेल, तर वजन किती आहे यापेक्षा ते किती वेगाने वाढले हे पाहावे लागते. साधारण दीड ते सात वर्षे वयाच्या, तोवर निरोगी असलेल्या मुलाचे वजन सहा महिने ते वर्षभरात नऊ ते तेरा किलोंनी वाढते, भूक आवरत नाही, आणि उंचीची वाढ मात्र अनेकदा मंदावते. साध्या स्थूलतेत उंची सहसा अशी मागे पडत नाही. म्हणून लसीकरणाच्या कार्डावरच्या जुन्या नोंदी मला फार मोलाच्या वाटतात.

या विकाराचे पहिले वर्णन 1965 चे असून आजचे नाव 2007 मध्ये रूढ झाले. मेंदूतील हायपोथॅलॅमस (भूक, तहान, संप्रेरके यांवर नियंत्रण ठेवणारा भाग) आणि स्वायत्त मज्जासंस्था (शरीराची आपोआप चालणारी कामे सांभाळणारी) यांचे कार्य बिघडते, पण त्यास कारणीभूत जनुक अद्याप सापडलेले नाही आणि मेंदूचा एमआरआय बहुधा निर्दोष येतो. (त्या अहवालाने मिळणारा दिलासा फसवा ठरू शकतो.) हातपाय थंड पडणे, तिरळेपणा, बद्धकोष्ठता, वेदनेची जाणीव कमी होणे, रक्तातील सोडियम किंवा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे या खुणा सुट्या सुट्या पाहिल्या तर किरकोळ भासतात. अनेक मुलांच्या छातीत वा पोटात चेतापेशींची गाठही आढळते, त्यामुळे तिचा शोध घ्यावाच लागतो.

खरा धोका श्वासाचा आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असतानाही या मुलांना धाप लागत नाही, ती शांत दिसतात, आणि एखाद्या श्वसनसंसर्गात किंवा भूल दिल्यावर श्वास अचानक थांबू शकतो. लठ्ठ मूल घोरते म्हणजे टॉन्सिल्सच वाढले असणार, असे गृहीत धरून थेट शस्त्रक्रियेकडे वळणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. त्याआधी रात्रभराची झोपेची तपासणी व्हावी, आणि तीत ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही मोजला जावा. वजन वाढल्यानंतर श्वसनाचा दोष दिसायला कधी काही वर्षेही लागतात, तेव्हा पहिली तपासणी ठीक आली तरी ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. मूळ विकार बरा करणारे औषध नाही. पण बायपॅप (मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र) किंवा व्हेंटिलेटरचा आधार वेळेवर मिळाला तर मुलाचा जीव वाचू शकतो.