लाईट लावली की व्होल्टेज वाढतं!

गडहिंग्लजच्या सरांची राजदूत 350 मोटरसायकल माझ्या गॅरेजपाशी टेम्पोतून उतरली, तेव्हाच त्यांनी निदान सांगून टाकलं. "चार्जिंग होत नाही. सगळे हेच म्हणतात." सगळे म्हणजे वर्षभरात ही गाडी ज्यांच्या ज्यांच्या हाताखालून गेली ते. कुणी ब्रश बदलले, कुणी कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर) बदलला, बॅटरी तर जवळजवळ प्रत्येकाने बदलली. शेवटी एका रात्री कोगनोळी टोलनाक्यापाशी सरांनी गर्दीत वेग कमी केला, इंजिन आयडलला आलं आणि दिव्यांसकट गाडी बंद. पासष्टी ओलांडलेला माणूस हायवेच्या कडेला काळोखात गाडी धरून उभा.

ही गाडी अशी अर्ध्या वाटेत सोडते, याला कारण आहे. एस्कॉर्ट्सने 1983 पासून यामाहाच्या आरडी 350 वरून ती आपल्याकडे बनवली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्या तेव्हा 6 व्होल्टवर मिणमिणत होत्या, हिला 12 व्होल्ट. पण हिची ठिणगी बॅटरीवर चालते. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच करणाऱ्या गाडीची बॅटरी मेली तर फार तर हॉर्न वाजत नाही. हिची मेली की ठिणगीच्या कॉइलला करंट नाही, म्हणजे इंजिन नाही. शिवाय हिच्या अल्टरनेटरच्या (वीज करणाऱ्या यंत्राच्या) रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, कायमचं चुंबक नसतं. ब्रशमधून बॅटरीचा करंट गेला तरच रोटर चुंबक होतो आणि चार्जिंग सुरू होतं. म्हणजे मेलेल्या बॅटरीवर किका मारून काहीच हाती लागत नाही.

मी आधी मीटर हातात घेतला नाही, बाजूचं कव्हर काढलं. कव्हरच्या आतला रंग पापुद्रे धरून सुटला होता. बॅटरीच्या व्हेंट नळीखाली चेसीवर पांढरी भुकटी साचली होती आणि सहाही सेलमध्ये पाणी खालच्या रेषेच्याही खाली. बॅटरी तर सरांनी पावसाळ्यानंतर नवी घेतलेली.

"सर, हेडलाईटचे बल्ब जातात का?"

"जातात की! हल्ली बल्बच बोगस मिळतात म्हणे."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. चार्जिंग न होणाऱ्या गाडीची बॅटरी नुसती उतरते, तिचं पाणी असं आटत नाही. पाणी आटतं ते जास्त व्होल्टेजने. साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर सतत राहिलं की पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं, जाताना ॲसिडची वाफही बाहेर काढतं. 5.5 अँपिअर-अवरच्या एवढ्याशा बॅटरीत पाणी असतंच किती? सरांची बॅटरी उपाशी नव्हती, तिला बळेबळे भरवलं जात होतं. प्लेटा उघड्या पडल्यावर इंजिन जोरात असेपर्यंत अल्टरनेटर सगळं ओढून नेतो. आयडलला त्याचा जोर संपतो, भार बॅटरीवर येतो आणि ती बसते. टोलनाक्यावर झालं ते हेच.

त्या बॅटरीवर कुठलंच रीडिंग खरं आलं नसतं, म्हणून आमची भरलेली चांगली बॅटरी जोडली. किल्ली ऑन करून रोटरच्या बोल्टला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. त्याने तो खेचून धरला, म्हणजे ब्रश आणि फील्ड (रोटरला चुंबक करणारी कॉइल) जिवंत. गाडी सुरू करून 3000 आरपीएमला धरली. बॅटरीवर 15.1. थोडं जास्त. मग हाताखालच्या पोराला हेडलाईट लावायला सांगितली.

15.7.

"वस्ताद, मीटर बिघडलाय काय? लाईट लावल्यावर कमी व्हायला पाहिजे न्हवं?"

त्याचं बरोबर होतं. भार टाकला की व्होल्टेज जरासं बसतं. इथे चढत होतं. बंद-चालू करून बघितलं, दर वेळी तेच. सर मीटरकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. वर्षभराच्या कोड्याचं उत्तर त्या सहा दशांशांत होतं.

या गाडीचा मेकॅनिकल कटआउट बॅटरीकडे थेट बघत नाही. त्याला व्होल्टेज कळतं ते तपकिरी वायरमधून, आणि ती वायर येते किल्लीच्या स्विचमधून. कटआउटची कॉइल साडेचौदाच्या आसपास पत्ती ओढते आणि फील्डचा करंट तोडते. मी कटआउटच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) मागून पिन घालून तपकिरी वायर मोजली. 14.4. लाईट चालू असो वा बंद, 14.4 वर ठाम. कटआउट आपलं काम चोख करत होता. त्याला दिसत होतं तेवढंच तो सांभाळत होता.

मग मधले व्होल्ट जातात कुठे? मीटरची एक टोकणी स्विचच्या लाल वायरवर, दुसरी तपकिरीवर, इंजिन चालू, लाईट चालू. स्विचच्या आतच एक व्होल्ट अडकत होता. पुढच्या कपलरमध्ये आणखी पाव-एक. ठिणगीच्या दोन कॉइल, फील्ड, आणि या गाडीच्या वायरिंगमध्ये हेडलाईटही, असा सात-आठ अँपिअरचा सगळा करंट त्याच एका काळ्या पडलेल्या संपर्कातून जात होता. लाईट लावली की करंट वाढतो, स्विचमध्ये जास्त व्होल्ट अडकतात, कटआउटला वाटतं व्होल्टेज पडलं, तो फील्ड आणखी रेटतो, आणि बॅटरीला पंधराच्या वर मिळतात. सर रात्री जितके फिरले तितकी बॅटरी लवकर मेली.

आधीच्या कारागिरांना दोष द्यायला मला जड जातं. स्विचची कंटिन्यूटी (आतली वाट जोडलेली आहे का) त्यांनी बघितलीच असणार, आणि मीटरने पीं केलंच असणार. मीटरच्या चिमूटभर करंटला तो संपर्क पुरतो. आठ अँपिअर वाहायला लागल्यावर त्याचं खरं रूप दिसतं. म्हणून जुन्या गाडीत मी ओहमवर विश्वास ठेवत नाही. करंट वाहता असताना वायरच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजतो. पाव व्होल्टच्या वर गळती दिसली की तो जोड उघडतो.

स्विच उघडला. आत ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं, तांबं काळं. चाळीसेक वर्षं रोज किल्ली फिरल्यावर आणखी काय होणार? बारीक पॉलिशपेपर, स्प्रे, नवं ग्रीस. कपलरमधले हिरवे पडलेले पितळी टर्मिनल कापून नवे दाबून बसवले. हेडलाईटसाठी सीटखाली रिले (किल्लीचा स्विच वगळून बॅटरीवरून थेट करंट देणारा स्विच) घालायचं मी सुचवलं, तेव्हा सर कचरले. मूळ वायरिंग त्यांना जपायचं होतं, आणि मला त्यांचं म्हणणं मान्य होतं. म्हणून एकही मूळ वायर न कापता, मधल्या सॉकेटवर बसणारी आणि कधीही काढता येणारी रिलेची तार त्यांना करून दिली. बाजारात इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर-रेक्टिफायर मिळतो, पण चोख चाललेला जुना कटआउट उगाच काढून टाकणं मला पटत नाही.

परत 3000 आरपीएम. लाईट बंद, 14.5. लाईट चालू, 14.3. पोरगा मोठ्यांदा ओरडला, "उतरलं!" सरांनी स्वतः खाली बसून लाईट पाच-सात वेळा लावून-विझवून बघितली.

जुनी बॅटरी वाचली नाही, नवी घालावी लागली. निघताना सरांना सेलच्या दोन रेषा दाखवल्या आणि महिन्याने पाणी बघून कळवा म्हटलं. त्यांनी कळवलं. सहाही सेल वरच्या रेषेपाशी, आणि मधल्या काळात रात्रीच्या दोन फेऱ्या निपाणीपर्यंत झालेल्या. आता गाडी येणार आहे ती क्लच प्लेटांसाठी.