वेशीपर्यंत हातात

मीठ वर्ज्य, तेल वर्ज्य, ओल वर्ज्य आणि शेकही नको. एवढी पथ्यं आमच्या घरात शेवटची पाळली ती आजीने, तीही ब्याऐंशीव्या वर्षी. आता माझे बूट पाळतात. त्यांचा हा दुसराच हिवाळा.

बूट स्वेडचे आहेत. इटलीत शिवलेले, घोट्याच्या वर चार बोटं येणारे, मधाच्या रंगाचे. टोरांटोत २६ डिसेंबरला बॉक्सिंग डेचे सेल लागतात, त्यात घेतले. मूळ किंमत ६९० डॉलर, चाळीस टक्के सूट जाऊन ४१४, वर तेरा टक्के कर. रुपयांत करायचं नाही असं इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ठरवलेलं असतं. तरी काउंटरपाशी उभं राहून केलंच, आणि मग पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात ढकलली.

शेजारीच गडद कॉफी रंगाचा जोड होता. हिवाळ्यात शहाण्या माणसाने तोच घ्यावा, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. पण मधाच्या रंगावर मी बोट ओढलं आणि त्याच्या लवेवर गडद रेघ उठली. उलटं ओढलं, पुसली गेली. दुकानातल्या मुलीचं लक्ष नाही असं बघून मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि पुसलं. त्यानंतर कॉफी रंगाकडे बघण्यात अर्थ नव्हता.

अगदीच अक्कल गहाण टाकली होती असं नाही. ऑफिसातल्या एका विनिपेगच्या सहकारणीने आधी बजावून ठेवलं होतं, त्याप्रमाणे संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. लोकरीचे जाड मोजे सोबत नेले आणि त्यांवर अर्धा नंबर मोठा घेतला. बोटांना हलायला जागा नसेल तर कितीही महागाचा बूट असो, पाय गारठतातच. तळ उलटा करून पाहिला. चामड्याचा गुळगुळीत तळ दिसायला खानदानी, पण बर्फावर तो आपल्याला सरळ हाडवैद्याकडे नेतो. क्रेपचा, म्हणजे कच्च्या रबराचा, तळ ऐन थंडीत कडक होतो. माझ्या बुटांना खोल खाचांचा रबरी तळ होता. म्हणजे खालून बूट हिवाळ्याचा होता आणि वरून दिवाळीचा.

स्वेड म्हणजे काय, हे मी पैसे दिल्यावर वाचलं. आपल्याकडे हाच क्रम असतो. जनावराच्या कातड्याची बाहेरची बाजू, जी ऊनपाऊस सोसून घट्ट झालेली असते, ती यात नसतेच. असते ती आतली, मांसाकडची बाजू, घासून तिची लव उभी केलेली. म्हणूनच तिला तो मऊपणा आणि म्हणूनच ती इतकी हळवी. बाहेरच्या जगाशी तिचा कधी संबंध आलेला नाही. नावाची गोष्ट तर आणखी गमतीची. फ्रेंच लोक ‘स्वीडनचे हातमोजे’ म्हणायचे, त्यातल्या स्वीडनचं, म्हणजे फ्रेंच ‘स्युएद’चं, स्वेड झालं. नाव मुळात हातमोज्यांचं. नाजूक हातांत घालायची वस्तू मी पायात घालून टोरांटोच्या राडीत उतरवली.

राड हाच शब्द बरोबर आहे. इथे तिला स्लश म्हणतात, पण त्या शब्दात काहीतरी सरबतासारखं वाटतं. आमच्या गावाकडची राड डोळ्यांपुढे आणा, तिच्यात मातीऐवजी अर्धवट वितळलेला बर्फ, मीठ, बारीक वाळू आणि गाड्यांची काजळी घाला, की झाली. टोरांटोचा दोष असा की इथला पारा शून्याच्या आजूबाजूला घुटमळतो. सकाळी बर्फ, दुपारी पाणी, रात्री पुन्हा बर्फ. विनिपेगला उणे पंचवीस असतं, तिथला बर्फ कोरडा, रांगोळीसारखा भुरभुरीत. बुटावर पडला तर झटकायचा आणि पुढे जायचं. स्वेडचं वैर थंडीशी नाहीच, ओलीशी आहे. हे कळेपर्यंत मी उणे पंधराच्या कोरड्या दिवशी बूट कपाटात ठेवत होते आणि अधिक एक तापमानाच्या ‘छान’ दिवशी घालून मिरवत होते.

अशाच एका छान दिवशी ते पहिल्यांदा भिजले. रस्त्यावरचं मीठ म्हणजे साधं मीठच. त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून फार कडाका नसेल तोवर बर्फ धरत नाही. पण ते खारं पाणी बुटाच्या लवेतून वर चढतं, पाणी उडून जातं, आणि मीठ जिथवर पोचलं तिथे पांढरी रेघ उमटते. भरती ओसरल्यावर वाळूवर उरते तशी, वेडीवाकडी. मी घाबरून बूट गरम हवेच्या जाळीपाशी नेऊन ठेवले. सकाळी ते परवाच्या भाकरीसारखे कडक झाले होते. डाग जागच्या जागी.

उपाय विनिपेगनेच सांगितला. आधी खोलीच्या हवेत नीट वाळू द्यायचे, आत कागद कोंबून, शेगडी-हीटरपासून लांब. मग कोरड्या ब्रशने मिठाची भुकटी झाडायची. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि टिपायचं, चोळायचं नाही. आणि यातली खरी मेख ही की नुसता डाग टिपायचा नाही, शिवणीपासून शिवणीपर्यंत तो अख्खा तुकडा सारखा दमट करायचा. नाहीतर मिठाचा डाग जाऊन पाण्याचा येतो. वाळल्यावर परत ब्रश. चपटी झालेली लव केटलीच्या वाफेवर लांबून धरली तर पुन्हा उठते. घासून चकाकायला लागलेल्या जागी चक्क खोडरबर चालतं. दोन दिवस घराला लोणच्याच्या कारखान्याचा वास येत होता, पण रेघ गेली. पाण्यापासून वाचवणारा फवारा नवीन असतानाच, घालायच्या आधी, बाल्कनीत उभं राहून मारायचा असतो, एक हात मारून वाळला की दुसरा. मी तो मारला पहिल्या अपघातानंतर.

या हिवाळ्यात बाबा आले. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव सोडून ते इतके दिवस कुठे राहिलेले नाहीत. आल्यापासून ते घराला उपयोगी पडायची संधी शोधत होते. नळाची गळती बंद केली, दाराची कुरकुर बंद केली. एका दुपारी मी कामावरून आले तर दाराशी, बूट ठेवायच्या ट्रेशेजारी, बाबा पाट नसल्याने उशीवर बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र, एका हातात माझा डावा बूट आणि दुसऱ्या हातात खोबरेल तेलात भिजवलेला बोळा.

“अगं, कातडं पार कोरडं पडलंय,” ते म्हणाले. “किती महिने तेल दाखवलं नाहीस?”

नशीब, सुरुवातच होती. चवड्यावर रुपयाएवढा काळपट, तुकतुकीत गोल.

मी काहीच बोलले नाही. कारण त्या बसण्यात आणि त्या बोळ्यात माझं अख्खं लहानपण होतं. आमच्याकडे मे संपत आला की बाबांच्या कोल्हापुरी चपला अशाच वर्तमानपत्रावर यायच्या. धूळ झाडून, तेल चोळून, पावसाळाभर माळ्यावर. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं ते जाड कातडं तेल पितं आणि मऊ राहतं. न दिलं तर तडकतं. बाबांच्या मते पायताणाला जपणं म्हणजे तेल देणं, याला दुसरा अर्थच नाही. स्वेडही तेल पितंच, पण त्याची लव चिकटून बसते आणि जागा मेणचटते. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. हे मी बाबांना जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

“म्हणजे हे कातडंच नव्हे,” बाबा म्हणाले.

“कातडंच आहे बाबा. आतल्या बाजूचं.”

“उलटं घातलंय होय!” त्यांना एकदम उलगडा झाला. “मग सुलटं का नाही घालत?”

त्या रात्री डागावर कॉर्नफ्लोरचा ढीग रचला. तेल शोषून घेतं ते. सकाळी झाडलं, पुन्हा रचलं. तीन दिवस बाबा उठल्याबरोबर चहाच्या आधी बूट बघायला जायचे, ताप उतरलाय का बघावं तसे. डाग फिका होत गेला. त्यांच्या चेहऱ्यावरचा काही होईना, म्हणून शनिवारी मी त्यांना ब्लूर रस्त्यावरच्या बाटा शू म्युझियमला नेलं.

“बाटाचं? आपल्या बाटाचं?” शाळेचे काळे बूट ज्या कंपनीचे, ती आपली नाही, हे त्यांना पटेना. मी सांगितलं की ती मूळची चेक, १८९४ साली झ्लीन गावी सुरू झालेली. पुढे महायुद्धाच्या सुमाराला ते घराणं कॅनडात आलं. म्युझियम १९९५ साली उघडलं, आणि वास्तुकार रेमंड मोरियामांनी बांधलेली इमारतच बुटांच्या खोक्यासारखी आहे, झाकण किंचित तिरकं बसलेली. बाबांनी रस्ता ओलांडून पलीकडून खात्री करून घेतली.

आत ते सर्वांत जास्त वेळ उभे राहिले उत्तरेकडच्या बुटांपुढे. तिकडच्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवासी इनुइट बायकांनी सीलच्या कातड्याचे शिवलेले बूट, कामिक. टाके जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने घातलेले. ओल लागली की दोरा फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बंद होतं. ओल्या दिवसांना सीलचं, कोरड्या कडाक्याला हरणाच्या जातीच्या जनावरांचं. ज्यांना हिवाळा खरोखर ठाऊक, त्यांनी प्रत्येक ऋतूला वेगळं कातडं नेमून दिलं होतं. बाबा काचेला नाक लावून टाके मोजत होते. “ही बाई आपल्या कापशीला जन्मली असती तर नाव काढलं असतं,” म्हणाले. कापशीच्या चपलांचं त्यांना फार. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या वळणाचे सँडल चालवले आणि महाराष्ट्रात गहजब झाला, तेव्हा बाबांनी मला दिवसाला आठ-आठ फोटो पाठवले होते. पुढे कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं, तरी बाबांचा मुद्दा वेगळाच होता: त्या पोरांच्या चपला करकरत नव्हत्या.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या जिममध्ये. तापमान अधिक एक. मी कपाटातून बूट काढले, खिडकीबाहेर पाहिलं आणि परत आत ठेवायला निघाले.

“पिशवीत घे की,” बाबा म्हणाले. “आम्ही काय करायचो? काळ्या रानातली वाट, पावसात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. लग्नाला जायचं तर चपला काखोटीला. वेशीपाशी ओढ्यावर पाय धुवायचे आणि मग पायताण घालून वाजत-गाजत गावात.”

तर मी रबरी गमबूट चढवले, इटलीचे बूट कापडी पिशवीत. बाबांनीही त्यांची एक पिशवी घेतली. त्यात काय आहे ते सांगितलं नाही.

जिमच्या दारात नेहमीचंच दृश्य. काळ्या चंद्रकळा आणि पैठण्या घोट्यापर्यंत खोचलेल्या, खाली स्नोबूट. देवळाबाहेर असावा तसा बुटांचा डोंगर, त्यातून खारं पाणी ओघळून मॅटवर तळं साचलेलं. लाकडी बाकावर बायका दाटीवाटीने बसून पिशव्यांतून सँडल काढत होत्या. कुणाचा पदर राडीत, कुणाचा मोजा हरवलेला. आम्हाला कडेला जागा मिळाली. मी बूट काढले. बाबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली आणि त्यातून त्यांच्या कोल्हापुरी निघाल्या, तेलाने काळ्याभोर, सातासमुद्रापार माझ्यापासून लपवून आणलेल्या.

“वेस आली,” ते म्हणाले आणि उभे राहून दोन पावलं चालून बघितली. जिमच्या गुळगुळीत फरशीवरही त्या करकरल्या. बाकावरच्या दोन-तीन आज्यांनी माना वर केल्या.

मग ते खाली वाकले आणि ट्यूबलाइटच्या उजेडात माझ्या डाव्या बुटाचा चवडा निरखला.

“गेला की गं डाग!”

“गेला, बाबा,” मी म्हणाले आणि पाय जरा बाकाखाली घेतला.