तुम्ही विचारलंत म्हणून: लीफ्सचं, म्हणजे टोरंटोच्या आइस हॉकी संघाचं, खूळ उतरलं का?

नाही उतरलं. आणि आमचा मिच मार्नर वेगासच्या संघात गेला म्हणून मी रुसूनही बसलेली नाही. इथे टोरंटोशेजारी मिसिसागात कुणाही मराठी माणसाकडे जेवायला गेलं की पानावर बसता बसता कुणीतरी विचारतंच, "काय काकू, हल्ली हॉकी बंद का?" वर ते ठेवणीतलं हसू, १९६७ पासून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, न मिळालेल्या संघाच्या लोकांसाठी राखून ठेवलेलं. आजवर मीही हसून विषय बदलत आले. आता एकदा सांगूनच टाकते.

हरण्याचं मला काही वाटत नाही. मे २०२५ मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सातव्या निर्णायक मॅचला फ्लोरिडाच्या संघाने ६-१ असं धुतलं, तेव्हाही मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसून होते. माझं दुखणं वेगळं आहे. ज्याच्यात जीव गुंतवावा तो उद्या कुठल्या संघात असेल याचा पत्ता नाही, आणि मॅच कुठल्या चॅनलवर असेल याचाही नाही.

"आयपीएलमध्ये नाही का होत?" असं म्हणू नका. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परत आला तेव्हा वानखेडेवर त्याची कशी हुर्यो उडाली ते तुम्हीही बघितलंत. त्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही, एवढं काय मनाला लावून घेता म्हणून.

माझं खरं बिनसलं ते १ जुलै २०१९ ला. कॅनडा डे होता. फटाके बघायला आम्ही सतरंजी टाकून बसलो होतो, डब्यात थालीपीठं होती. मुलाच्या अंगात लीफ्सच्या नाझेम कादरीची ४३ नंबरची निळी जर्सी. वाढत्या अंगाची घेतली होती, त्यामुळे बाह्या पार बोटांवर यायच्या आणि लोणच्यात बुडायच्या. मी त्या वर सारत होते तेवढ्यात नवऱ्याने फोन पुढे केला. कादरी कोलोरॅडोच्या संघाला, बदल्यात त्यांचे टायसन बॅरी आणि कर्फूट.

मुलाने एवढंच विचारलं, "त्याला विचारलं का, आई?"

विचारलं होतं. त्याच्या आधी कॅलगरीच्या संघात जाण्याबद्दल विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला होता, कारण त्याला टोरंटोतच राहायचं होतं. करारात ज्या संघांना नकार द्यायची मुभा होती त्यांत कोलोरॅडो नव्हता, इतकंच. मग मी पोराला समजावायला घेतलं. अख्ख्या संघाच्या पगाराची कमाल मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलर, मार्नरला नवा करार द्यायचाय, बचावात माणूस हवाय. शिवाय बोस्टनविरुद्ध लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफमध्ये कादरी निलंबित झाला होता. सगळं मुद्देसूद सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्यांच्या बाजूने का बोलतेस?"

ह्याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही धड सुचत नाही. ट्रेड, म्हणजे ती अदलाबदल, चूक होता असं मी अजूनही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बॅरी एका मोसमानंतर निघून गेला, आणि २०२२ मध्ये, अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच परतलेल्या कादरीने टॅम्पाविरुद्ध फायनलच्या चौथ्या मॅचला ओव्हरटाइममध्ये गोल मारला. कप जिंकून तो स्वतःच्या गावी, कॅनडातल्याच लंडन, ऑन्टारियोच्या मशिदीत घेऊन गेला. आमच्या घरात त्या वर्षी जो आरडाओरडा झाला तो परक्या संघासाठी होता. जर्सी तोवर मुलाला बरोबर बसायला लागली होती. त्याने घातली नाही.

टीव्हीचं म्हणाल, तर तोही हाच हिशोब आहे. लीगचं उत्पन्न मालक आणि खेळाडू निम्मं-निम्मं वाटून घेतात, आणि पगाराची मर्यादा त्यावरच ठरते. रॉजर्स या टेलिकॉम कंपनीने २०१३ मध्ये कॅनडातले प्रक्षेपणाचे हक्क १२ वर्षांसाठी ५.२ अब्ज डॉलरला घेतले, २०२५ मध्ये पुढच्या १२ वर्षांसाठी ११ अब्ज मोजायचं ठरवलं. मर्यादा २०२५-२६ च्या मोसमात ९ कोटी ५५ लाखांवर आली, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख ठरली. कोण राहणार आणि कोण जाणार, हे ज्या पैशावर ठरतं त्यात मॅच बघायला भरलेले माझेही चार डॉलर आहेत, आणि मत मात्र कुणी विचारत नाही.

२०१३ सालची मी ह्यावर म्हणाली असती, "मग नको भरूस. ज्याला गोडी त्याने मोजावे." तेव्हा मला मॅच दुसऱ्या चॅनलवर जाण्याचं कौतुकच होतं, जास्त मॅच दिसणार म्हणून. दिसल्याही. पण २०२५-२६ च्या मोसमात शनिवारची सीबीसी चॅनलवर, सोमवारची अॅमेझॉनच्या प्राइमवर, बुधवारची रॉजर्सच्या स्पोर्ट्सनेटवर, उरलेल्या स्पोर्ट्सनेट आणि टीएसएन या चॅनलांमध्ये विभागलेल्या. नवऱ्याने महिन्याचा आकडा विचारला तेव्हा मी कुकरची शिट्टी मोजत असल्याचं सोंग केलं.

तरी त्या २०१३ मधल्या बाईचं सगळंच खोडून काढता येत नाही. आइसिंग हा हॉकीतला नियम म्हणजे काय ते मला कळलं शनिवारच्या पंजाबी कॉमेंट्रीतून. हरनारायण सिंग इतक्या रंगात येऊन सांगायचा की इंग्रजीत जे डोक्यावरून गेलं होतं ते पंजाबीत आत शिरलं. सीबीसीने २००८ मध्ये सुरू केलेला तो कार्यक्रम हक्क बदलल्यावर ओम्नी चॅनलवर गेला, पण बंद पडला नाही. हक्कांचा व्यवहार म्हणजे नुसती लूट, असं म्हणायला मग माझीच जीभ अडखळते.

तर बघते. सोमवारच्या सोडल्यात. मार्नर वेगासकडून टोरंटोत खेळायला आला की हुर्यो उडवायची की टाळ्या वाजवायच्या, यावर घरात भांडण आहे. मुलगा हुर्योच्या बाजूने, मी कुठल्याच नाही, आणि नवरा म्हणतो, आधी ती मॅच आपल्याकडे दिसणार आहे का ते बघा.