खोडू नकोस गं!

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. लिहायला बसले, तर बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. गणिताच्या बाई म्हटलं की कोण, हे आपल्यापैकी कुणालाच सांगायला नको.

मी पाचवीत आपल्या शाळेत आले, तीच गणिताची धास्ती घेऊन. आधीच्या शाळेत पाढा अडला की बाकावर उभं करत. त्यामुळे फळ्यापाशी बोलावलं की पोटात गोळा यायचा आणि येत असलेलंही आठवायचं नाही. बाईंनी ते लगेच ओळखलं. त्या रागावल्या नाहीत, आणि ‘सोपं तर आहे’ असंही कधी म्हणाल्या नाहीत. घाबरलेल्या मुलाला ते वाक्य फार लागतं.

एका शनिवारी त्यांनी फळ्यावर 6174 लिहिलं. म्हणाल्या, “हे उत्तर. आता गणित तुम्ही आणा.” चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. येईल त्या संख्येचं पुन्हा तेच. मी आणि माझ्या शेजारणीने 3524 घेतली. 5432 वजा 2345, आले 3087. 8730 वजा 0378, आले 8352. 8532 वजा 2358, आणि काय, 6174!

शेजारीण मात्र पहिल्याच वजाबाकीत हातचा विसरली. तिचे आले 3187. ती रडवेली होऊन खोडायला लागली, तर बाईंनी खोडरबरच काढून घेतला. “खोडू नकोस गं, तशीच पुढे जा.” तिचे पुढे 7353 आले, मग 4176, आणि मग 6174. एक पायरी जास्त लागली, एवढंच! त्या तासाला माझ्या पोटातला गोळा विरघळला तो कायमचा.

मग बाईंनी सांगितलं, की हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या शेजारच्या देवळालीतलेच, शाळेत शिकवणारे. 1949 साली त्यांनी हे मांडलं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतेच. तेव्हापासून मधल्या सुट्टीत एसटीच्या तिकिटांवरचे आकडेसुद्धा आम्ही सोडले नाहीत.

आज मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, यंदा विभागप्रमुख झाले. पेपर तपासताना चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी पायऱ्या वाचते. ही सवय बाईंची. मध्यंतरी शाळेत आले होते. वर्गावर्गात पडदे लागलेत, गणित पडद्यावर आपोआप सुटतं. मुलांचे हात रिकामे बघून वाईट वाटलं.

समितीला एक विनंती आहे. 17 जानेवारी हा कापरेकरांचा जन्मदिवस. त्या दिवशी पाचवीला एक तास फक्त 6174 चा ठेवावा, बिनगुणांचा आणि खोडरबराशिवाय. शिकवायला मी येईन.